जुन्या बंबाची पाठवणी

आमच्या पोड्लेसेक गावाने आपला जुना बंब बोस्नियातल्या एका खेड्याला द्यायचं ठरवलं, तेव्हा विरोधात एकही हात वर झाला नव्हता. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण आमच्या स्वयंसेवी अग्निशमन मंडळाचा चिटणीस मीच आहे. आयुष्यात मी कधी होजपाइप हातात धरलेला नाही. फिरत्या वाचनालयाच्या गाडीवर ग्रंथपाल म्हणून नोकरी केली, अक्षर बरं आहे, म्हणून लोकांनी मला चिटणीस केलं. तेव्हा पुढे जे लिहितो आहे त्यात आगीविषयी काही चुकलं, तर ते माझं अज्ञान समजावं. माणसांविषयी चुकलं तर काय समजावं, ते मला माहीत नाही.

नवा बंब त्याच उन्हाळ्यात आला होता. त्याचे निम्मे पैसे युरोपीय निधीतून मिळाले होते, आणि तसं सांगणारी निळी पाटी गाडीघराच्या दाराशी लावावी लागली होती. जुना बंब, ज्याला सगळे कंपनीच्या नावावरून टाम म्हणायचे, मागच्या कोपऱ्यात सरकवला गेला. मारिबोरला बनलेली ती गाडी ठेंगणी होती, आखूड होती, पण चारही चाकांवर चालायची आणि गुरांच्या वाटेनेही वर चढायची. आता तिच्यावर धूळ बसत होती आणि बोनेटवर कोणीतरी रंगाचे डबे ठेवले होते.

ती गाडी मागितली एनिसाने. एनिसा तरुणपणी नवऱ्याबरोबर आमच्याकडे आली. तो रस्त्यांच्या कामावर होता. तो वारला, ती राहिली. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने गावाच्या दोन पिढ्या जेवू घातल्या, आणि मंडळाच्या महिला विभागात असल्यामुळे आमच्या प्रत्येक समारंभाला सॉसेज आणि आंबट कोबी तीच शिजवायची. स्वतः ती डुकराच्या सॉसेजला तोंड लावत नसे. मीठ बरोबर आहे का, हे ती शेजारच्या कोणालातरी विचारायची.

तिचं माहेर बोस्नियातल्याच हर्सेगोविना भागाच्या डोंगरात, सुहा ग्लाविका नावाच्या वस्तीत. तिथे तिचा भाऊ झुल्फो आणि म्हातारी आई, शेम्सा. दर उन्हाळ्यात तो डोंगर पेटतो. खालच्या शहरातून बंब निघतात, पण वस्तीच्या अलीकडे दोन खडकांमधून एक अरुंद वळण आहे, तिथे मोठी गाडी अडते. माणसं पिंपांतून पाणी नेतात आणि झाडांच्या फांद्यांनी आग झोडपतात. गेल्या खेपेला आग पहिल्या घराच्या कुंपणापर्यंत आली होती.

"तुमचा टाम त्या वळणातून जाईल," एनिसा सभेत म्हणाली. "मी झुल्फोला मापं विचारली आहेत. दोन्ही बाजूंना हातभर जागा राहते."

"एनिसाबाई," आमचा अध्यक्ष लुडविक म्हणाला, "तुम्ही आम्हाला इतकी वर्षं कोबी खाऊ घातलात. एक डबडं मागताय, त्यात काय! हात वर करा रे."

सगळे हात वर झाले. यंत्रांचा कारखाना चालवणाऱ्या झ्देन्कोने तर दोन्ही हात वर केले आणि लोक हसले.

पण बोस्निया युरोपीय युनियनच्या बाहेर. कस्टमच्या कागदांत हिवाळा गेला. मी पूर्वी, दोन्हीकडचा देश एकच होता तेव्हा, लष्करी सेवेत त्या बाजूला होतो, भाषा येते, म्हणून झुल्फोशी फोनवर बोलायचं काम माझ्याकडे आलं. फोनवर बोलायला मला अजूनही भीती वाटते, पण झुल्फोशी बोलताना वाटत नसे. तो आधी माझ्या तब्येतीची चौकशी करायचा, मग बर्फाची, आणि मग हळूच विचारायचा, "गुस्ती, टपावरचा दिवा धरून उंची किती हो?" वस्तीतली माणसं बंबासाठी शेड बांधत होती. जमीन सपाट करून त्यांनी काँक्रीट ओतलं. म्हातारी शेम्सा खुर्ची टाकून उन्हात बसायची आणि कामगारांना कॉफी द्यायची. "आई विचारते, गाडीचा रंग कोणता," झुल्फो एकदा म्हणाला. लाल, असं मी सांगितलं. तो हसला. "मी तिला तेच सांगितलं. पण म्हणाली, त्या माणसाला विचार."

त्याच हिवाळ्यात टीव्हीवर परदेशी मदतीवरून वाद चालले होते. एक मुलगी माईक घेऊन बाजारात फिरली आणि लोकांना विचारत सुटली. दुसऱ्या देशांना मदत करावी का? हो, करावी की, बहुतेकांनी सांगितलं. मग अजून थोडी जास्त करावी का? तिथे लोक खांदे उडवत पिशव्या उचलून निघून जात. हिल्डाच्या खानावळीत आम्ही ते बघत होतो.

"माझी आई दीड वर्ष खुब्याच्या ऑपरेशनची वाट बघतेय," झ्देन्को म्हणाला. "कुबडी टेकत कोंबड्यांना दाणे टाकते. आणि हे सांगतायत, इतके कोटी तिकडे दिले, तितके तिकडे."

"मग टाम विकून आईला नवा खुबा बसवतोस की काय?" हिल्डाने गल्ल्यामागून विचारलं.

"टामचं मी काही बोललो का? टाम खुशाल द्या. एनिसाची गोष्ट वेगळी. मी आपलं एकंदरीत म्हणतोय."

"एकंदरीत तू चार बिअर प्यायलायस."

"तीन!" झ्देन्को म्हणाला. "ग्रंथपालसाहेब साक्षीला आहेत. का हो, तीनच ना?"

मी हसलो. त्याचा राग मला खोटा वाटला नाही. त्याच्या आईला मी ओळखतो. पायऱ्या उतरता येत नाहीत म्हणून तिने चर्चला येणं बंद केलं होतं. वरच्या खोलीच्या खिडकीतून ती हात करते.

मे महिन्यात संत फ्लोरियनचा रविवार येतो. तो अग्निशमनवाल्यांचा सण. सकाळी मिरवणूक, मग प्रार्थना, मग जेवण. त्यानंतरच्या शनिवारी टाम निघणार होता. लुडविक म्हणाला, रविवारी त्याला नीट निरोप देऊ.

आमच्याकडे नवा बंब आला की पाद्री त्यावर पवित्र पाणी शिंपडतो, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला असतात तसे त्यालाही धर्मपिता आणि धर्ममाता असतात. टामचा धर्मपिता कधीच वारला होता. धर्ममाता होती हिल्डा, तेव्हा नवी नवरी होती. जी गाडी अशी घरात घेतली, तिला भंगारासारखी मागल्या दाराने कशी काढायची? कोणालाच ते बरं वाटलं नाही. मलाही नाही. उलट मला ती कल्पना फार आवडली होती.

म्हणून लोकांनी टाम धुतला. रंगाचे डबे उतरवले, पितळी टोकं लिंबाने घासली, झिजलेली अक्षरं झ्देन्कोने स्वतः ब्रशने पांढरी केली. एनिसाने दोन दिवस बसून फर झाडाच्या फांद्यांची आणि कागदी फुलांची माळ विणली आणि रेडिएटरवर बांधली. रविवारी हिल्डा पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, एनिसा तिच्या बाजूला, आणि टाम भोंगा वाजवत सगळ्या गावातून फिरला.

मला वाटलं होतं, पाच-पन्नास माणसं येतील. सगळं गाव दारात उभं होतं. कोणी म्हणालं, आमची गोठ्याची आग यानेच विझवली. कोणी म्हणालं, पुराच्या वेळी आजीला याच्या टपावरून आणलं. एका बाईने तर सांगितलं की प्रसूतीच्या वेळी बर्फात रुग्णवाहिका आली नाही, तेव्हा तिला टामनेच इस्पितळात नेलं आणि पोरगी वाटेतच झाली. ती पोरगी आता जर्मनीत असते. ती बाई मडगार्डवर हात ठेवून रडायला लागली. मग दुसऱ्या बायका रडल्या. वरच्या खिडकीतून झ्देन्कोच्या आईने रुमाल हलवला. झ्देन्को मान फिरवून उभा राहिला.

मी चार ओळी लिहून आणल्या होत्या, त्या वाचल्या. काय वाचलं ते आता मला नीट आठवत नाही. एनिसा पुढच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसली होती. तिचा चेहरा इतका सुखी मी त्याआधी पाहिला नव्हता.

जेवणाच्या वेळी मला पहिल्यांदा काहीतरी वेगळं जाणवलं. नेहमीचे विनोद नव्हते. माणसं सॉसेज कापत होती आणि उघड्या दारातून टामकडे बघत होती.

"चालू आहे अजून," कोणीतरी म्हणालं. "आवाज ऐकलात? घड्याळासारखा."

"तिकडे नेऊन एका वर्षात मोडतील," झ्देन्को ताटात बघत म्हणाला.

"कोण मोडतील?" हिल्डाने विचारलं.

"म्हणजे रस्ते तसे आहेत, असं म्हणतोय मी. तुला नाही वाईट वाटत? धर्ममाता तू."

हिल्डाने टिश्यूने डोळे टिपले. एनिसा स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. तिला हे काही ऐकू आलं नाही.

मंगळवारी लुडविक माझ्याकडे आला. "गुस्ती, लोक म्हणतायत पुन्हा एकदा सभा घेऊ."

"कशासाठी? ठराव झालाय की."

"झालाय. पण लोकांचं मत बदललंय. गावात येताना ते नवं सर्कल झालंय ना, तिथे मधोमध टाम ठेवायचा म्हणतायत. चबुतऱ्यावर. खाली फुलं." तो माझ्याकडे न बघता टोपी फिरवत राहिला. "मी अध्यक्ष आहे, राजा नाही."

सभा गुरुवारी झाली. गाडीघर भरलं होतं. हिवाळ्यातल्या वार्षिक सभेलाही इतकी माणसं येत नाहीत.

झ्देन्को उभा राहिला. "मी एनिसाच्या विरोधात नाही. इथे कोणीच नाही. पण हे असं होतं नेहमी. आपल्याकडचं चांगलं ते बाहेर जातं. पोरं गेली जर्मनीला, डॉक्टर गेले ऑस्ट्रियाला. एक गाडी राहिली आहे जिच्याकडे बघून माणसाला वाटतं, हो, हे आपलं. तीही देऊन टाकायची? त्यांना आपण पाइप पाठवू, हेल्मेटं पाठवू. मी माझ्या पैशाने पंप देतो. नवा. जपानी."

लोक "बरोबर, बरोबर" म्हणाले.

"पंप ठेवणार कशावर?" एनिसा बसल्या जागेवरून म्हणाली. "पाणी कशातून नेणार?"

"एनिसाबाई, ट्रॅक्टर असतीलच ना त्यांच्याकडे."

"एक आहे. झुल्फोचा." ती उठली. "मी भांडायला आले नाही. झ्देन्को, तू दुसरीत होतास तेव्हा गाजर खात नव्हतास, मी तुला किसून सूपमध्ये घालून द्यायचे. मी कोणाशी भांडणार? फक्त सांगते. उन्हाळा येतोय. आई आता चालत नाही. तिला उचलून आणावं लागतं. आग आली की झुल्फोने आईला उचलायचं की पाणी आणायचं?"

खुर्च्या करकरल्या. मग मी उठलो. म्हणालो, आपल्याकडे कार्स्टच्या पठारावरचं रान जळत होतं तेव्हा आपल्याला मदत करायला सरहद्दीपलीकडून बंब आले होते. आपण रस्त्यात उभं राहून त्यांना आपला अक्रोडाचा गोड पाव, पोतित्सा, वाटली. त्या लोकांच्या गावातही कोणीतरी उठून म्हणालं असेल, आधी आपलं बघा. तरी ते आले. या दाराशी निळी पाटी आहे. तिच्यातला पैसाही कोणाचा तरी आहे, ज्याने आपल्याला कधी पाहिलेलं नाही. टाम आपल्याला आवडतो, म्हणूनच तो देण्यासारखा आहे. जे नकोसं आहे ते देण्यात काय मोठेपणा?

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खऱ्याखुऱ्या, जोराच्या. हिल्डा म्हणाली, "सुरेख बोललात हो, गुस्ती." मला वाटलं, जमलं. मला खरंच तसं वाटलं.

मग लुडविकने विचारलं, टाम द्यायचा असं कोणाला वाटतं? एनिसाने हात वर केला. मी केला. मागे एक म्हातारा होता, त्याने केला, मग इकडेतिकडे बघून डोकं खाजवलं आणि खाली घेतला. लुडविक म्हणाला, अध्यक्ष म्हणून मी तटस्थ. हिल्डा रुमाल शोधत होती.

टाम ठेवायचा असं कोणाला वाटतं, हे विचारायची गरज पडली नाही.

"झुल्फोला कोण सांगणार?" एनिसाने विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तिच्या स्वयंपाकघरातून आम्ही फोन लावला. तिने नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. झुल्फोने आधी तब्येत विचारली. मी सांगितलं. सांगताना मी इतके शब्द वापरले की वाक्याच्या शेवटी काय म्हणायचं होतं ते मलाच सापडेना.

झुल्फो म्हणाला, "काही हरकत नाही, गुस्ती. तुमची गाडी आहे. तुम्ही आमचा विचार केलात, हेच पुष्कळ. एनिसाला सांगा, मनाला लावून घेऊ नको. आणि कधी इकडे आलात तर हॉटेलात उतरू नका हं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मी रिसीव्हर ठेवला. एनिसा कॉफी करत होती. तिने साखर दोनदा घातली आणि आम्ही ती कॉफी तशीच प्यायलो.

पाइप आणि हेल्मेटं पाठवली. झ्देन्कोने शब्द पाळला, पंप दिला. जून संपताना क्रेन आली. टामचं तेल गळून चबुतरा खराब होईल म्हणून इंजिन काढलं. टाकी वरून कापली आणि तिच्यात माती भरून जिरॅनियमची फुलझाडं लावली. चाकांखाली लोखंडी पाय जोडून ते काँक्रीटमध्ये पक्के केले. उद्घाटनाला बँड होता. एनिसाने सॉसेज शिजवले. ती का आली, हे मी तिला विचारू शकलो नाही.

ऑगस्टमध्ये डोंगर पेटला. झुल्फोने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जपानी पंप ठेवला होता आणि पिंपं भरली होती. पंप चांगला चालला, पाणी लगेच संपलं. खालून बंब आले ते वळणाशी थांबले. झुल्फो पाणी आणायला खाली उतरला तेवढ्यात वारा फिरला. त्याने परत येऊन आईला बाहेर काढलं, पण तिच्या छातीत धूर भरला होता. ती इस्पितळात वारली. घरही गेलं, आणि अजून चार घरं.

टाम असता तर ती वाचली असती का? मी पुष्कळ विचार केला आहे. झुल्फो म्हणतो, वारा फार होता, सांगता येत नाही. कदाचित तो मला बरं वाटावं म्हणून म्हणत असेल. कदाचित ते खरंही असेल. मला आगीतलं काही कळत नाही.

गावाला कळलं आणि गाव हललं. हे मला लिहिलंच पाहिजे, कारण ते खरं आहे. दोन दिवसांत गाडीघर भरून गेलं. पांघरुणं, भांडी, लोकरीचे कपडे, एकाने तर नवा फ्रिज दिला. पैसे इतके जमले की तेवढे आम्ही कधी कशासाठी जमवले नव्हते. झ्देन्को स्वतः ट्रक घेऊन गेला. परत आल्यावर तो माझ्या दारात उभा राहिला, आत आला नाही.

"गुस्ती, ते वळण मी पाहिलं," तो म्हणाला. "हातभर जागा राहते. दोन्ही बाजूंना." मग त्याने विचारलं, "टाम खाली काढता येईल का? मी खर्च करतो."

आम्ही दोघं सर्कलवर गेलो. त्याने टायरच्या मागे वाकून लोखंडी पायांचे सांधे पाहिले, टाकीतल्या मातीत हात घातला. त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. हाताची माती पँटला पुसत तो म्हणाला, "मीच वेल्डिंग केलं होतं. पक्कं केलंय." आणि गाडीत जाऊन बसला.

त्याच्या आईचं ऑपरेशन अजून झालेलं नाही.

सप्टेंबरमध्ये एनिसा माझ्याकडे आली. तिच्या हातात कापडी पिशवी होती, आत महिला विभागाचा गणवेश, धुऊन, इस्त्री करून, घड्या घातलेला.

"एवढा परत द्याल का? मला तिथे जावंसं वाटत नाही."

"मी सभेत बोलतो, एनिसाबाई. या वेळी नीट बोलतो. लोकांना वाईट वाटतंय, मला माहीत आहे."

"मलाही माहीत आहे," ती म्हणाली. "सगळ्यांना वाईट वाटतंय. दारात येऊन रडतात, त्यांना मीच पाणी देते. तुम्ही बोलू नका, गुस्ती. तुम्ही बोललात की लोक टाळ्या वाजवतात."

ती बसली नाही. मी पिशवी घेऊन गाडीघरात गेलो. लुडविक नव्या बंबाच्या काचा पुसत होता. मी गणवेश टेबलावर ठेवला आणि कोणाचा आहे ते सांगितलं. तो थांबला, हात पुसले, गणवेशाकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, खरंच भरून आले.

"फार चांगली बाई," तो म्हणाला. मग नाक शिंकरून कपाट उघडलं. "बघ रे, साइझ काय आहे? पोस्टातली ती नवी मुलगी विचारत होती."

मी कॉलर उलटली आणि साइझ सांगितला.